सुट्टी सकाळी, अप्रूव्हल रात्री : तुमचे प्रश्न, क्लेमवाल्याची उत्तरं

मागच्या अंकात हेल्थ इन्शुरन्सबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर संपादकांनी माझ्याकडे पिशवीभर पत्रं पाठवली, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले वेगळेच. सगळ्यांना उत्तर देणं काही जमत नाही, म्हणून ज्यात चारचौघांचा प्रश्न येऊन जातो तेवढे घेतले. माझ्याबद्दल सांगायचं तर एवढंच की मी १९ वर्षं एका जनरल इन्शुरन्स कंपनीच्या नागपूर ऑफिसात क्लेमच्या टेबलावर होतो, म्हणजे तुम्ही ज्याला शिव्या देता तो माणूस मीच. पत्रातली दवाखान्यांची आणि कंपन्यांची नावं काढून टाकली आहेत, लिहिणाऱ्यांचीही.

प्रश्न : बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन धंतोलीतल्या एका दवाखान्यात झालं, कॅशलेस होतं. सकाळी दहाला डॉक्टर म्हणाले आज सुट्टी. आम्ही सामान भरून बसलो, अप्रूव्हल आलं रात्री साडेआठला. आणि बिलात रूमचा आणखी एक दिवस, ४,२०० रुपये, तो आमच्याकडून घेतला. दवाखान्यातला टीपीए डेस्कवाला, म्हणजे विम्याच्या कागदांच्या टेबलावरचा पोरगा, म्हणे कंपनीने लेट केलं, कंपनीच्या हेल्पलाइनवाली म्हणे दवाखान्यानेच फाइल उशिरा पाठवली. मी कोणाचं खरं मानू?
— एक ताई, मानेवाडा

उत्तर : ताई, दोघंही थोडं थोडं खरं बोलून राहिले, पंचाईत तीच आहे.

आधी नियम सांगतो. आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणारी हैदराबादची सरकारी संस्था, तिने २९ मे २०२४ ला एक मास्टर सर्क्युलर काढलं आणि त्यात कंपन्यांच्या हाताला घड्याळ बांधलं. भरती होताना कॅशलेसची रिक्वेस्ट पोचली की एका तासात उत्तर, आणि सुट्टीच्या वेळी दवाखान्याची फायनल रिक्वेस्ट पोचली की तीन तासांत अप्रूव्हल. तीन तासांच्या वर गेलं आणि त्यापायी दवाखान्याने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे, तेही शेअरहोल्डरच्या खिशातून, पॉलिसीवाल्यांच्या पैशातून नाही. ऐकायला झकास. पण घड्याळ सुरू कधी होतं तिथे खरी गोम आहे, डॉक्टर ‘आज सुट्टी’ म्हणाले तेव्हा नाही, दवाखान्याची रिक्वेस्ट कंपनीकडे पोचते तेव्हा.

आता मधल्या वेळात काय होतं ते बघा, मी हे शंभरदा पाह्यलंय. डॉक्टर राउंडला येऊन फाइलवर सुट्टीचं लिहून पुढे जातात. फाइल नर्सिंग स्टेशनवर पडून राहते, कारण डिस्चार्ज समरी ज्याला टाइप करायची त्या आरएमओकडे, म्हणजे निवासी डॉक्टरकडे, अजून नऊ फाइली असतात. मग उरलेली इंजेक्शनं, सलाइनच्या बाटल्या खाली मेडिकलमध्ये परत जातात, मेडिकलवाला त्याचे पैसे वजा करून देतो तोपर्यंत त्याची जेवणाची वेळ झालेली. मग लॅबचा एक रिपोर्ट बाकी निघतो. मग बिलिंग. मग ती फाइल येते टीपीए डेस्कवर, तिथे एक पोरगा, एक स्कॅनर, आणि समोर तुमच्यासारखे सहा नातेवाईक. तो पोरगा चार वाजता अपलोड करतो, पाचला कंपनीची क्वेरी येते की ऑपरेशन नोट्सचं पान वाचता येत नाही, पुन्हा पाठवा, पोरगा चहाला गेलेला. अशा हिशोबाने रात्रीचे साडेआठ वाजतात आणि प्रत्येक जण म्हणतो माझ्याकडून तर अर्धाच तास गेला.

म्हणून तुमच्या केसमध्ये दोन कागद लागतील. एक, पोर्टलवर फायनल रिक्वेस्ट किती वाजता गेली त्याचा स्क्रीनशॉट किंवा मेल, दोन, अप्रूव्हल लेटर, त्यावर वेळ छापलेली असते. मधलं अंतर तीन तासांच्या वर असेल तर कंपनीच्या तक्रार विभागाला मेल टाका, त्या सर्क्युलरची तारीख लिहा आणि ४,२०० मागा. आणि रिक्वेस्टच जर चार वाजता गेली असेल आणि दवाखान्याने दुपारी बारालाच नवा दिवस मोजला असेल तर भांडण दवाखान्याशी आहे, कारण तो उशीर त्यांच्याच घरातला. माझं स्पष्ट मत, अशा केसेसमध्ये अर्ध्याहून जास्त वेळ दवाखान्यातच जातो आणि नाव कंपनीचं जातं. कंपनीत होतो म्हणून बोलून राहिलो असं वाटलं तर वाटू द्या.

हा घड्याळाचा प्रकार आला कुठून तेही सांगून टाकतो. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत बेडसाठी लोक रस्त्यावर थांबलेले आणि बरे झालेले पेशंट अप्रूव्हलसाठी बेड अडवून बसलेले, तेव्हा दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की अर्ध्या ते एका तासात निर्णय द्या, दुसऱ्याच दिवशी, २९ एप्रिलला, आयआरडीएआयने कोविडच्या क्लेमसाठी एक तासाचा हुकूम काढला. संकटात काढलेला तोडगा तीन वर्षांनी सगळ्या आजारांसाठी नियम झाला.

प्रश्न : काऊन जी, कोरोनात एवढे लोक भरती झाले, मंग ह्या कंपन्या बुडाल्या काऊन नाहीत? आन् आमचा प्रीमियम मात्र दरवर्षी वाढूनच राहिला. माझं वय ६४, बायकोचं ६१.
— एक दुकानदार, इतवारी

उत्तर : भाऊ, तुम्ही धंद्यातले, तुम्हाला हे लवकर कळेल. कंपनीला सगळा गल्ला खर्च करता येत नाही. ज्या क्लेमची शक्यता आहे त्यासाठी पैसा बाजूला ठेवावा लागतो, आणि त्याच्या वरही कायद्याने ठरवलेली जी जास्तीची पुंजी लागते तिच्या दीडपट हाताशी पाह्यजे, त्याला सॉल्व्हन्सी रेशो १.५ म्हणतात. त्याच्या खाली गेली की आयआरडीएआय विचारायला येते की बाबा पैसे कुठून आणतो सांग. शिवाय कंपनीही स्वतःचा विमा काढते, त्याला रीइन्शुरन्स म्हणायचं, आपली सरकारी जीआयसी री आहे तिला प्रत्येक पॉलिसीचा थोडा वाटा द्यावाच लागतो. म्हणजे तुमच्यासारखंच, दुकानाला आग लागली तर सगळा माल एकाच गोदामात नको.

दुसरं असं की कोरोनाचे सगळेच महिने कंपन्यांना महाग नव्हते. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये माझ्या टेबलावर फाइलीच येत नव्हत्या, मोतीबिंदू थांबले, गुडघे थांबले, लोक दवाखान्याच्या वाटेलाच जाईनात. खरा मार बसला तो नंतर, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात तर पुरता. आणि सगळ्याच कंपन्या ठणठणीत राहिल्या असंही नाही. नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या तीन सरकारी कंपन्यांना केंद्र सरकारने २०१९-२० ते २०२१-२२ अशा तीन वर्षांत मिळून १७,४५० कोटी रुपये भांडवल घातलं. त्यांचं दुखणं कोरोनाच्या आधीचं, कमी दरात ग्रुप पॉलिस्या विकत बसल्याचं, कोरोनाने फक्त ताप वाढवला. तेव्हा बुडाल्या नाहीत हे खरं, पण काहींना तुमच्या-माझ्या टॅक्सने वर काढलं हेही खरं.

आता तुमचा प्रीमियम. दवाखान्याचे दर वाढतात, तुमचं वय एका गटातून दुसऱ्या गटात सरकतं, आणि एका पॉलिसीत क्लेम जास्त झाले की कंपनी सगळ्यांचाच दर वाढवते, तुम्ही दहा वर्षांत एक गोळी घेतली नसली तरी. पण तुम्हा दोघांच्या कामाची गोष्ट ही, ३० जानेवारी २०२५ पासून साठीच्या वरच्या लोकांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी आयआरडीएआयशी बोलावं लागतं. तुमची वाढ त्याच्या वर असेल तर कंपनीला लेखी विचारा की परवानगी घेतली का. बघा काय उत्तर देतात.

आणि जीएसटी. आपले खासदार गडकरी साहेब यांनी जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं होतं ना, विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी काढा म्हणून, ते पत्र नागपूरच्या एलआयसी कर्मचारी युनियनने दिलेल्या निवेदनावरूनच निघालं होतं. जीएसटी गेला २२ सप्टेंबर २०२५ पासून, वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराची मिळून एकच, अशा पॉलिसीवर शून्य. म्हणजे ३०,००० च्या हप्त्यावर ५,४०० वाचायला पाह्यजेत. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीला मात्र सूट नाही. आता यात एक मेख आहे, जीएसटी शून्य झाल्याने कंपन्यांना त्यांच्या खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही, मग काही जणांनी एजंटच्या कमिशनमधून ती भरून काढली. तुमचा एजंट आजकाल चहाचं विचारत नसेल तर कारण हेच. जुनी आणि नवी रिन्युअल नोटीस शेजारी ठेवून मूळ हप्ता वाढला का तेवढं ताडून पाहा.

प्रश्न : २०२१ च्या मे महिन्यात मला कोरोना झाला, ‘कोरोना रक्षक’ होती अडीच लाखाची. पाच दिवस भरती होतो. ऑगस्टमध्ये क्लेम रिजेक्ट झाला, कारण दिलं की ‘घरी उपचार शक्य होते, भरतीची गरज नव्हती’. आता काही होऊ शकतं का?
— एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : खरं सांगायचं तर नाही, उशीर झाला. रिजेक्शननंतर विमा लोकपालाकडे एका वर्षात जायचं असतं, ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत. कोरोनामुळे सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता, तो धरला तरी तुमची दोन वर्षं २०२४ च्या फेब्रुवारीअखेर संपली. उशीर माफ करायचा अर्ज करता येतो पण त्याला ठोस कारण लागतं, ‘माहीत नव्हतं’ हे कारण चालत नाही.

पण तुमचं पत्र वाचून मला झोप लागली नाही म्हणून थोडं लिहितो. कोरोना रक्षक आणि कोरोना कवच या दोन पॉलिस्या जुलै २०२० मध्ये आयआरडीएआयच्या सांगण्यावरून आल्या, साडेतीन, साडेसहा आणि साडेनऊ महिन्यांच्या. रक्षक सोपी होती, रिपोर्ट पॉझिटिव्ह आणि सलग ७२ तास भरती, की पूर्ण रक्कम एकदम. इतकी सोपी की कंपन्या घाबरल्या, लोक पैशासाठी भरती होतील म्हणून, आणि काही जण झालेही, तेही लपवायचं नाही. मग काय झालं की आमच्याकडे वरून चेकलिस्ट आली. मी तेव्हा त्रिमूर्तीनगरात घरी दिवाणावर लॅपटॉप घेऊन बसायचो, कूलरचा घरघराट, रोज साठ-सत्तर फाइली, आणि चेकलिस्ट म्हणे ऑक्सिजन ९४ च्या वर असेल तर क्वेरी टाका. आता बाप्पा, मे महिन्यात रात्री दोनला ऑक्सिजन ९५ आणि सकाळी ८८ असं होत होतं, भरती झालेला माणूस भीतीने झाला की गरजेने हे मी दिवाणावरून कसं ठरवू? पण ठरवलं, साठच्या साठ फाइलींत ठरवलं. त्यातली एखादी तुमचीही असू शकेल.

आता कुठलाही क्लेम एकट्या टेबलवाल्याला नाकारता येत नाही. २०२४ च्या नियमात कंपनीच्या समितीची मंजुरी लागते आणि पॉलिसीतल्या कुठल्या कलमाखाली नाकारलं ते लिहून द्यावं लागतं. तुम्हाला त्याचा फायदा नाही, पण तुमच्या घरातल्या पुढच्या फाइलीला होईल.

प्रश्न : ५ लाखाची पॉलिसी, रूमची लिमिट ५,००० रोज. रामदासपेठेत ८,००० ची रूम घेतली, म्हटलं वरचे ३,००० आपण भरू. बिल झालं २,४०,०००, कंपनीने दिले १,५०,००० च. हे कोणतं गणित?
— एक काका, वर्धमाननगर

उत्तर : काका, हे गणित सगळ्यांना रडवतं. रूम मोठी घेतली की बऱ्याच दवाखान्यांत त्याच डॉक्टरची फी, त्याच ओटीचा चार्ज, सगळंच रूमच्या दर्जाप्रमाणे वाढतं. म्हणून कंपनी म्हणते, ५,००० भागिले ८,००० म्हणजे साडेबासष्ट टक्के, तुमच्या रूमवर अवलंबून असलेल्या सगळ्या खर्चाला हाच टक्का लागेल. तुम्ही पाठवलेल्या बिलात रूम ४०,००० आहे, सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी, नर्सिंग, व्हिजिट मिळून १,२०,०००, आणि औषधं, इम्प्लांट, तपासण्या ८०,०००. कंपनीने तिन्हींवर टक्का लावून १,५०,००० काढले.

चूक इथेच आहे. औषधं, कन्झ्युमेबल, इम्प्लांट आणि तपासण्या यांना हा टक्का लावता येत नाही, आयसीयूच्या भाड्यालाही नाही. मेडिकलमधली गोळी आठ हजाराच्या रूममध्ये आहे म्हणून महाग होत नाही ना. तेव्हा रूमचे २५,०००, डॉक्टर वगैरेचे ७५,००० आणि औषधांचे पूर्ण ८०,०००, एकूण १,८०,०००. ग्लोव्हज, ॲडमिशन किट असल्या न देण्याच्या वस्तूंचे थोडे कटतील, पण तीस हजारातला मोठा भाग तुमचा आहे, मागा. आणि दवाखान्याकडून लिहून घ्या की त्यांच्याकडे रूमप्रमाणे डॉक्टरची फी बदलते की नाही, बदलत नसेल तर टक्का लावायचा प्रश्नच नाही. पुढच्या वेळी रूम घेताना काउंटरवर विचारायचं ते हेच, एसी आहे का ते नंतर.

प्रश्न : वहिनीची अँजिओप्लास्टी झाली. पॉलिसीला सव्वाचार वर्षं झाली होती. डिस्चार्ज समरीत लिहिलंय ‘बीपी दहा वर्षांपासून’. कंपनीने क्लेम नाकारला आणि पॉलिसीही रद्द केली. फॉर्म भरताना एजंट म्हणाला होता की बीपीचं लिहू नका, उगाच मेडिकल निघेल.
— एक वाचक, जरीपटका

उत्तर : हा प्रश्न पिशवीत अकरा वेळा होता. शब्द बदलतात, एजंट तोच.

इथे मी कंपनीच्या बाजूने आहे, राग आला तर येऊ द्या. फॉर्मवर सही वहिनींची आहे, एजंटची नाही. बीपी लिहिलं असतं तर जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागलं असतं, २०२४ पासून आधीच्या आजाराची वेटिंग ३६ महिन्यांच्या वर ठेवताच येत नाही, आज क्लेम पास झाला असता. अजून नऊ महिने गेले असते तरी वाचले असते, कारण सलग ६० महिने झाले की त्यानंतर लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. आधी ही मुदत आठ वर्षांची होती, पाचवर आणली. आणि हो, ही पॉलिसी दुसऱ्या कंपनीतून पोर्ट करून आणलेली असेल तर जुन्या कंपनीतले महिनेही मोजले जातात, ते तपासाच.

पण एक गोष्ट आधी विचारा, हे ‘दहा वर्षांपासून’ लिहिलं कोणी? रात्री भरती होताना ज्युनिअर डॉक्टर विचारतो, बीपी कधीपासून, आणि शेजारी उभा असलेला दीर किंवा मुलगा घाबरून म्हणतो असेल आठ-दहा वर्षं. त्याने लिहून टाकलं. पुढे तोच आकडा समरीत छापला जातो आणि कंपनीच्या हाती कोलीत. खरंच पॉलिसीच्या आधीपासून गोळी सुरू असेल तर लढून उपयोग नाही. पण बीपी नंतर निघालं असेल तर फॅमिली डॉक्टरची पहिली चिठ्ठी शोधा, तारखेची, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून दुरुस्तीचं पत्र घ्या. रिजेक्ट झालेल्या फाइली अशा एका चिठ्ठीवर पास होताना मी पाह्यल्या आहेत, एकदा तर ती चिठ्ठी देवघरातल्या पोथीत सापडली होती.

प्रश्न : आमचं उमरेड रोडला २० बेडचं हॉस्पिटल आहे. कंपन्या आम्हाला कॅशलेसच्या पॅनलवर घेत नाहीत, घेतलं तर दर परवडत नाहीत, सरकारी योजनेचे पैसे महिनोन्महिने अडकतात आणि पेशंट आम्हालाच लुटारू म्हणतात. तुमच्या सदरात कधी आमचंही छापा.
— एक डॉक्टर

उत्तर : छापलं, डॉक्टरसाहेब. आणि तुमचं बरंचसं खरं आहे. कोरोनात सगळ्यात आधी तुमच्याच दरांवर सरकारने हात ठेवला. २१ मे २०२० पासून खाजगी दवाखान्यांतल्या ८० टक्के बेडला ४,०००, ७,५०० आणि ९,००० रोज, साधा वॉर्ड, आयसीयू आणि व्हेंटिलेटर असे दर. जून २०२१ मध्ये शहरांचे गट केले त्यात नागपूर मुंबई-पुण्याच्या बरोबरीने पहिल्या गटात गेलं, वाडी आणि डिगडोहसकट. कंपन्यांनी तेच दर धरून बिलं कापली, काही दवाखान्यांनी पीपीई किट आणि ‘बायोमेडिकल’ असे वेगळे मथळे काढून वसुली केली, आणि पेशंट मधल्या मधे. तुम्ही नसेल केली, पण केली हे गावाला माहीत आहे, म्हणून तो शब्द अजून ऐकावा लागतो.

पॅनलचं म्हणाल तर जानेवारी २०२४ पासून जनरल इन्शुरन्स कौन्सिलने, म्हणजे विमा कंपन्यांच्या संघटनेने, ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ सुरू केलंय, पॅनलवर नसलेल्या दवाखान्यातही कॅशलेस मागता येतं, ठरलेलं ऑपरेशन असेल तर ४८ तास आधी कळवायचं, इमर्जन्सी असेल तर भरती झाल्यापासून ४८ तासांच्या आत. कागदावर चांगलं आहे, प्रत्यक्षात दर जुळला नाही की कंपनी म्हणते पेशंटने भरावं आणि नंतर रिएम्बर्स घ्यावं. तुम्ही एवढं करा की असा पेशंट आला तर भरतीच्या दिवशीच दरपत्रक लेखी पाठवा, सुट्टीच्या दिवशी नाही. दरपत्रक आणि रुग्णहक्काची सनद भिंतीवर लावणं तर जानेवारी २०२१ च्या राज्याच्या नियमाने तुम्हाला सक्तीचंच आहे. बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवता येत नाही हेही त्याच नियमात आहे.

योजनेबद्दल वाचकांसाठी एक ओळ. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता पांढऱ्या रेशनकार्डसकट सगळे येतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल शोधा, नसेल तर १५५३८८ ला फोन करा. योजनेच्या पेशंटकडून वरचे पैसे मागितले तरी याच नंबरवर सांगा.

प्रश्न : कंपनीचा डेटा चोरीला गेला म्हणे, माझे रिपोर्ट कोणी पाहिले असतील का?
— एक काकू, नंदनवन

उत्तर : काकू, २०२४ मध्ये एका मोठ्या हेल्थ कंपनीच्या ग्राहकांची कागदपत्रं टेलिग्रामवर बॉटमधून मिळत होती, कंपनीने कोर्टात केसही टाकली. त्याच्या आधी नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर हॅक झाले तेव्हा डॉक्टर कित्येक दिवस हाताने पावत्या लिहीत होते. तुमचे रिपोर्ट कोणी पाहिले का हे कळायला मार्ग नाही. पण कोणी फोन करून तुमचा पॉलिसी नंबर आणि ऑपरेशनची तारीख बरोबर सांगितली तर ‘हा कंपनीचाच माणूस’ असं समजू नका, ओटीपी तर सख्ख्या जावयालाही देऊ नका.

प्रश्न : कंपनी ऐकत नाही. नागपुरात तक्रार कुठे करायची? वकील लागेल का?
— बऱ्याच जणांचा

उत्तर : आधी कंपनीच्या तक्रार विभागाला मेल, त्यांना १४ दिवस असतात. सोबत आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर टाका किंवा १५५२५५ ला फोन करा, मराठीत बोललं तरी चालतं. महिनाभरात काही झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपाल. आपल्या विदर्भाचा लोकपाल पुण्यात बसतो, पण अर्ज ऑनलाइन होतो. फी नाही, वकील तर चालतच नाही, ५० लाखांपर्यंतचा वाद चालतो. लोकपालाने तुमच्या बाजूने निकाल दिला की कंपनीने ३० दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर रोजचे ५,००० रुपये तुम्हाला. एकच, ग्राहक आयोगात केस टाकलेली असेल तर लोकपाल ऐकत नाही, तेव्हा आधी लोकपाल, मग आयोग. आयोगात ५ लाखांपर्यंतच्या केसला फी नाही, पण तारखा मात्र अशा पडतात की दोन उन्हाळे निघून जातात.

मानेवाड्याच्या ताई, तुम्ही लिहिलंय की टीपीए डेस्कवाल्या पोराने ‘फाइल गेली ताई’ असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज केला होता. त्यावर वेळ असेल. फोनची मेमरी फुल झाली म्हणून तो उडवू नका, गुड मॉर्निंगचे फोटो उडवा.